कुनोचा चित्ता आणि आपला माळ



या व्याख्यानमालेत मी वन्य प्राण्यांवर बोलणार हे कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारले, ‘यात साहित्याचा काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून मी प्राण्यापासून नव्हे, शब्दापासूनच सुरुवात करतो.

आपल्याकडे उसाच्या फडात नाही तर केळीच्या बागेत ठिपक्यांचे जनावर दिसले की गावभर बातमी होते, ‘चित्ता आला.’ येतो तो बिबट्या. हिंदीत त्याला तेंदुआ म्हणतात. आपण दोन भाषांच्या मधोमध राहणारी माणसे, त्यामुळे हा घोटाळा आपल्याकडे जरा जास्तच होतो. पण ओळखायची खूण सोपी आहे. बिबट्याच्या अंगावर पोकळ ठिपक्यांची फुले असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके. चित्त्याच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ उतरते. बिबट्या झाडावर चढतो, रात्री फिरतो, दबा धरतो. चित्ता उजेडात आणि मोकळ्यावर शिकार करतो. तो डरकाळी फोडत नाही, पाखरासारखा चिवचिवतो. त्याची नखे मांजरासारखी पुरती आत जात नाहीत, धावताना ती जमिनीत रुततात. तासाला नव्वद-शंभर किलोमीटरचा त्याचा वेग सगळ्यांना ठाऊक असतो. पण ती धाव मिनिटभरही टिकत नाही, हे फारसे कुणाला माहीत नसते. तेवढ्यात सावज हाती लागले तर लागले, नाहीतर धापा टाकत बसायचे. आणि लागले तरी तरस, सिंह, बिबट्या येऊन ते हिसकावून नेतात.

अशा प्राण्याला लागते काय? दाट जंगल नव्हे. त्याला हवे गवत, मधून मधून झाडे आणि लांबवर पोचणारी नजर. आफ्रिकेत अशा भूमीला सवाना म्हणतात. आपल्याकडे तिला शब्द आहे. तो शब्द म्हणजे माळ.

हा प्राणी आपल्याला परका होता का? आपल्याच शहराकडे पाहू. तापीच्या पलीकडे झैनाबादला आहूखाना आहे. फारसीत आहू म्हणजे हरीण. शहाजहानची बेगम मुमताजमहल १६३१च्या जून महिन्यात बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी त्या बागेत पुरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहालामुळे आपण आहूखान्याची तेवढीच गोष्ट लक्षात ठेवली. पण त्याचे नावच सांगते की ते हरणांचे, शिकारीचे ठिकाण होते. मुघलांच्या शाही छावणीबरोबर पाळीव चित्ते चालत. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना गाडीवर बसवीत, काळविटांचा कळप दिसला की पट्टी सोडीत. आपल्या बापाने एक हजारपर्यंत चित्ते जमवले होते, असे जहांगीराने स्वतःच्या आठवणींत लिहिले आहे. त्यांची पिलावळ वाढावी अशी अकबराची फार इच्छा होती, ती काही पुरी झाली नाही. जहांगीराच्या कारकिर्दीत एकदा एक नर गळपट्टा सोडवून मादीपाशी गेला आणि तीन पिल्ले झाली. त्यानंतर पाळीव चित्त्याला पिल्ले झाल्याची नोंद थेट विसाव्या शतकात सापडते.

याचा अर्थ एवढाच, की दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला होता. शेकडो वर्षे आपण रानातून चित्ते काढत राहिलो, परत काही घातले नाही. पुढे माळ नांगरले गेले, काळविटे कमी झाली, इंग्रजी अमलात चित्ता मारणाऱ्याला बक्षिसेही मिळाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर आणि भावनगरच्या दरबारांना शिकारीसाठी चित्ते आफ्रिकेतून मागवावे लागले. म्हणजे आफ्रिकेचा चित्ता मराठी माणसाने पहिल्यांदा पाहिला तो २०२२ साली नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, कोल्हापुरात. १९४७च्या सुमारास कोरिया संस्थानच्या महाराजांनी, आजच्या छत्तीसगडात, तीन चित्ते मारले. त्यानंतर खात्रीलायक नोंद नाही. १९५२ साली सरकारने चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे मान्य केले.

आता कुनोकडे वळू. पण तिथे जाण्याची आपली वाट ग्वाल्हेरवरून जाते. इथल्या कितीतरी मराठी घरांचे ऋणानुबंध शिंदे सरकारच्या राज्याशी आहेत. माधवराव शिंदे महाराजांना सिंहांची मोठी हौस. हिंदुस्थानात सिंह उरले होते ते फक्त गीरमध्ये, जुनागढच्या नबाबाच्या राज्यात. तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत माधवरावांनी आफ्रिकेतून सिंह आणवले. श्योपूर-शिवपुरीच्या रानात डोबकुंडजवळ उंच भिंतींचे आवार बांधून त्यांना ठेवले आणि पुढे मोकळे सोडले. सिंहांनी आधी गुरे धरली, मग माणसे. काही पुन्हा पकडले, पुन्हा सोडले, आणि शेवटी एकेक करून सारे मारले गेले. महाराजांच्या इच्छेत खोट नव्हती, पैसाही कमी नव्हता. पण त्या रानात आधीपासून गुरे राखणारी माणसे राहत होती, त्यांना कुणी विचारले नव्हते. ते डोबकुंड आज कुनो राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येते.

कुनो हे ७४८ चौरस किलोमीटरचे रान आहे. १९८१ साली ते अभयारण्य झाले, २०१८ साली राष्ट्रीय उद्यान. मधून कुनो नदी उत्तरेकडे वाहत जाऊन चंबळेला मिळते. नदीच्या डोहांत मगरी आहेत, काठावर पालपूरच्या गढीचे अवशेष आहेत. झाडे म्हणाल तर खैर, सालई, तेंदू, पळस आणि करधई. ही करधई मोठी गमतीची. उन्हाळ्यात वाळकी काठी वाटते, पण पाऊस पडायच्या आधी, नुसत्या हवेतल्या ओलाव्यानेच हिरवी होऊ लागते असे तिथले लोक सांगतात. चितळ, सांबर, नीलगाय, चिंकारा, चौशिंगा, रानडुक्कर, अस्वल, तरस, कोल्हा आणि पुष्कळ बिबटे ही तिथली वस्ती. आणि मधून मधून गवताचे प्रशस्त पट्टे. पाहुणा गाडीतून उतरत नाही, पण ते गवत दिसले की त्याचा जीव सुपाएवढा होतो. ‘अगदी आफ्रिकाच!’ असे तो म्हणतो.

श्रोतेहो, ते गवताचे पट्टे म्हणजे काल-परवाची शेते आहेत. गीरचे काही सिंह इथे आणायचे ठरले, म्हणून १९९८ ते २००३ या काळात अभयारण्यातली २४ गावे उठवली. सुमारे दीड हजार कुटुंबे, बहुतेक सहरिया आदिवासी. त्यांच्या मोडलेल्या गावांच्या जागी, पडून राहिलेल्या शेतांवर गवत आले आणि गवतावर चितळे आली. ज्याला आपण निसर्गसौंदर्य म्हणतो, त्याच्याखाली नांगराच्या तासांच्या खुणा आहेत. सहरियांचे जगणे रानावर होते. सालईचा डिंक, तेंदूपाने, महू, मध. बाहेर त्यांना दोन-दोन हेक्टर जमीन दिली, पण पुष्कळ ठिकाणी ती खडकाळ आणि बिनपाण्याची निघाली, आणि डिंकाचे रान मागे राहिले. ज्या सिंहांसाठी ते उठले, ते सिंह अजून आलेले नाहीत. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंह सहा महिन्यांत आणावेत असा आदेश दिला, तरीही नाहीत.

मग आला चित्ता. न्यायालयाने २०२० साली परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आले. पुढे जे झाले त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जून ते सप्टेंबर हा थंडीचा काळ. आपल्याकडे तोच पावसाळा. विमानातून आलेल्या चित्त्यांच्या अंगाला हे कसे कळावे? त्यांच्या शरीराने जुने पंचांग चालू ठेवले आणि ऐन पावसाळ्यात त्यांना हिवाळ्याची दाट लव आली. गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्याखाली ती ओली राहिली, कातडी चिघळली, माश्या बसल्या, किडे पडले आणि २०२३च्या पावसाळ्यात काही जनावरे दगावली. देश बदलता येतो, शरीरातले ऋतू एका वर्षात बदलत नाहीत. परमुलखात येऊन राहिलेल्या आपल्या पूर्वजांना हे सांगायला नको होते.

पण गोष्ट तिथेच थांबली नाही. मार्च २०२३ मध्ये ज्वाला नावाच्या नामिबियाच्या मादीला चार पिल्ले झाली. मेच्या उन्हाने तीन मेली, एक वाचले. आईपासून वेगळे ठेवून माणसांनी ते वाढवले. तिचे नाव मुखी. नोव्हेंबर २०२५ मध्ये या मुखीला पाच पिल्ले झाल्याची बातमी आली. या मातीत जन्मलेल्या चित्त्याची या मातीतली पिल्ले. एप्रिल २०२५ मध्ये दोन नर मंदसौर-नीमचकडच्या गांधीसागर अभयारण्यात हलवले. तेव्हा प्रयोग फसला असेही म्हणता येत नाही आणि साधला असेही म्हणण्याची घाई नको. कारण जागा थोडी आहे. टांझानियाचे सेरेंगेटी उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे, म्हणजे कुनोच्या जवळजवळ वीसपट. कुनोचा चित्ता दोन दिवस चालला की कुणाच्या तरी शेतात येतो. २०२५च्या मार्चमध्ये ज्वाला आपल्या नव्या बछड्यांना घेऊन विजयपूर भागात गावालगत गेली, तेव्हा आपली गाय वाचवायला लोकांनी दगड मारले. त्यांना रानटी म्हणू नका. चित्ता माणसाच्या वाटेला जात नाही, पण वासरू धरतो. आणि वासरू कुणाचे, हा प्रश्न माधवराव महाराजांच्या वेळी जेवढा खरा होता तेवढाच आजही आहे.

कुणी म्हणेल, हे आपल्या गरीब, दाटीच्या देशाचे दुखणे, आफ्रिकेत मोकळे रान आहे. मंडळी, तिथेही तसे नाही. सेरेंगेटी हा शब्दच मसाई गुराख्यांच्या भाषेतला, संपता न संपणारे मैदान अशा अर्थाचा. १९५१ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९५९ साली मसाईंना तिथून उठवून शेजारच्या गोरोंगोरोत पाठवले. आज पर्यटक जे निर्मनुष्य मैदान पाहतो, ते असे निर्मनुष्य केलेले आहे.

त्याहून मोठी गोष्ट गुरांच्या रोगाची आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना बुळकांडी म्हटले की काटा येई. गोठेच्या गोठे रिकामे होत. हा रोग १८८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या पूर्व टोकाला पोचला, बहुधा हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांबरोबर. काही वर्षांत तिथली बहुतेक गुरे मेली, मसाई उपाशी मेले, आणि गुरांच्या नात्यातली रानम्हैस आणि विल्डबीस्ट, म्हणजे आपल्या नीलगायीएवढा तो दाढीवाला कुरंग, तेही मेले. पुढे सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रोग रानातूनही गेला. तेव्हा विल्डबीस्ट सुमारे अडीच लाख होते, १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते तेरा लाखांच्या घरात गेले. आज नदी ओलांडणाऱ्या ज्या अफाट कळपांची चित्रफीत आपण घरी बसून पाहतो, त्यामागे मसाईच्या गायीला टोचलेली सुई आहे. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ले, वणवे कमी झाले, झाडे वाढली, सिंहांना शिकार मिळाली. २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. रानाचे नशीब गोठ्याशी बांधलेले असते, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

आता घरी येऊ. आपल्या निमाड-खानदेशातही सवाना होता का? फिरिश्ता या इतिहासकाराने नोंदलेली असिरगडाची कथा तुम्हाला ठाऊक आहे. आसा अहीर नावाचा गवळी, हजारो गायी-म्हशी आणि मेंढ्यांचा धनी. किल्ल्याला नाव त्याचे. दुष्काळात त्याने लोकांना पोसले असेही कथा सांगते. कथेतला इतिहास किती ते इतिहासकार पाहतील. पण हजारो गुरे असलेला राजासारखा गवळी ज्या मुलखाच्या कथेत शोभतो, त्या मुलखात गवत किती असेल! निमाडच्या डोंगरउतारांवरचे रोशा गवत ऊर्ध्वपातनाने तेल देई. ते तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. दूरदेशीच्या अत्तरात आपल्या माळाचा वास होता, आणि त्या माळाला आपण पडीक म्हणतो.

पडीक. या एका शब्दाने केलेले नुकसान कुठल्याही बंदुकीने केलेले नाही. इंग्रजांच्या महसुलात जे पिकत नाही ते पडीक, आणि जिथे सागवान नाही ते उजाड. तीच नजर आपण पुढे चालवली. माळ दिसला की वाटते, इथे झाडे लावा, कारखाना काढा, नांगर घाला. गवत हे जणू मोडलेल्या जंगलाचे अवशेष. पण गवताची वाढ बुडापासून होते. वरून गुराने ओरबाडले, वणव्याने जाळले तरी ते पुन्हा उठते. त्याला लागते ऊन. माळावर दाट झाडी लावली की गवत मरते, गवताबरोबर काळवीट, लांडगा, माळढोक, चंडोल जातात. ते उपकार नव्हे, उच्चाटन आहे.

आणि इथे साहित्याचा संबंध येतो. २०२५ साली आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी ‘पीपल अँड नेचर’ या संशोधनपत्रिकेत एक लेख लिहिला. त्यांनी तेराव्या शतकापासून विसाव्यापर्यंतचे मराठी ग्रंथ, कथा, ओव्या चाळल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या जागांच्या संदर्भात आलेल्या ४४ रानवनस्पती वेचल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक खुल्या माळावरच्या निघाल्या. म्हणजे तिथला माळ हा जंगल तोडून अलीकडे झालेला नाही, तो निदान साडेसातशे वर्षे तसाच आहे. हा पुरावा प्रयोगशाळेत नव्हे, पोथ्यांत आणि ओव्यांत सापडला. संतांच्या चरित्रात वाटेवरचे झाड कुणी सहज नोंदले, त्याची आज साक्ष झाली. माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाला माझे हे उत्तर.

एक इशारा देऊन मी आटोपते घेतो. कुनोपासून फार दूर नाही असे शिवपुरी जिल्ह्यात करेरा आहे. तिथे माळढोक होता, तिकडे त्याला सोनचिरैया म्हणतात. १९८१ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आधी गावकऱ्यांना अभिमान वाटला. पण अभयारण्यात त्यांच्या स्वतःच्या शेतजमिनी आल्या, त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली, वाढलेल्या काळविटांनी पिके खाल्ली. अभिमानाचा राग झाला. १९९०च्या दशकात पक्षी दिसेनासा झाला. पुढे अभयारण्यच रद्द करावे लागले. चित्त्याला गाडीभर पर्यटक मिळाले म्हणून तो टिकणार नाही. कुंपणालगतच्या बाईला ज्या दिवशी मेलेल्या वासराचे पैसे वेळेत मिळतील, उठवलेल्या सहरियाच्या शेताला पाणी मिळेल आणि उद्यानातल्या मिळकतीत त्याचा वाटा असेल, त्या दिवशी चित्ता टिकण्याची आशा धरता येईल.

जसोंडीतून आपण काय करणार? आपल्या हाती उद्यान नाही. पण गायरान आहे, बांध आहेत आणि जुनी माणसे आहेत. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी, रोशा. एकेका गवताचे नाव, ते कुठल्या नक्षत्रात येते, कुठल्या गुराला मानवते, आधी कुठल्या टेकडीवर होते, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. मंडळाला माझी विनंती अशी की येत्या वर्षी त्यांच्याकडे वही घेऊन जावे. मराठीत, हिंदीत, निमाडीत, कोरकूत, ज्या भाषेत नाव मिळेल त्या भाषेत लिहून घ्यावे. पुढे कधी या माळाचे काय करायचे असा ठराव ग्रामसभेपुढे आला, तर ती वही टेबलावर ठेवता येईल. पडीक म्हणणाऱ्याला दाखवायला आपल्याजवळ नावे असतील.